शंका कोणाला विचारायची?

जूनच्या शेवटी कार्यालयाबाहेरच्या काचेच्या पेटीत नव्या सत्राचं वेळापत्रक लागलं. गुरुवारच्या दुपारच्या एका चौकटीत विषयाचं नाव होतं, खोली क्रमांक होता, आणि जिथे शिक्षकाची आद्याक्षरं असतात तिथे 'स्वयम्' असं लिहिलं होतं. माझ्या मागे उभी असलेली दुसऱ्या वर्षाची दोन पोरं खिदळत होती. "सर, हे स्वयम् सर कुठल्या स्टाफरूमला बसतात?" मीही हसलो. जिना चढताना लक्षात आलं, की ऑनलाइन शिक्षणावर मी आजवर जेवढी चर्चासत्रं ऐकली, त्यांतल्या एकातही इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ, जुलै २०१७ मध्ये सुरू झालेलं. त्यावर कोर्स करून मिळवलेले क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पदवीत धरता येतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमावलीत याची मर्यादा सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांच्या २० टक्के होती, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर गेली. सत्राला पाच विषय असतील तर दोन विषय कॉलेजातल्या एकाही शिक्षकाचं तोंड न पाहता पुरे करता येतात. नव्या शैक्षणिक धोरणात विषयांची यादी लांबली आणि शिकवणारे तेवढेच राहिले, किंवा निवृत्त होत होत कमी झाले. तेव्हापासून ही सोय बऱ्याच प्राचार्यांना देवासारखी धावून आली आहे.

त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये यावर जो वाद झाला तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात होतो तसाच झाला. एक गट म्हणाला, आयआयटीचा प्राध्यापक तालुक्याच्या पोराला फुकट मिळतोय, तुमच्या पोटात का दुखतं? दुसरा गट म्हणाला, समोरासमोर बसल्याशिवाय शिक्षण होतच नाही, आणि बोलता बोलता थेट गुरुकुलापर्यंत जाऊन पोचला. पहिल्या गटाच्या डोळ्यांपुढे एक हुशार, जिद्दी, एकट्याने शिकणारा मुलगा होता. दुसऱ्या गटाच्या डोळ्यांपुढे एक तळमळीचा शिक्षक आणि भरलेला वर्ग होता. आमच्या कॉलेजात मुलगाही तसा नाही आणि वर्गही तसा नाही, हे दोन्ही गटांना माहीत होतं. तरी तासभर भांडण छान रंगलं.

माझं म्हणणं असं, की पडदा चांगला की फळा, हा प्रश्नच बाजूला ठेवावा. कोर्स ऑनलाइन असो की वर्गातला, त्या मुलाच्या शिकण्याला नावानिशी जबाबदार असलेला, त्या कामाचा मोबदला घेणारा माणूस त्याच्या हाताशी आहे का, एवढंच पाहावं. असेल तर ऑनलाइन कोर्स चांगला चालतो, कधी कधी वर्गापेक्षाही. नसेल तर समोर आयआयटीचा प्राध्यापक असूनही चालत नाही. आणि या माणसाचा खर्च वाचतो म्हणून जे कॉलेज ऑनलाइन कोर्स घेतं, ते फक्त रिकामी जागा झाकत असतं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते बरंच आहे. वर्गातल्या शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्यांनी आपल्याकडचा वर्ग एकदा शांतपणे आठवावा. टेबलावर ठेवलेली पिवळी पडलेली वही, त्यातून सांगितल्या जाणाऱ्या नोट्स, "स्वल्पविराम" आणि "नवा परिच्छेद" हेसुद्धा उतरवून घेणारी मुलं. हे समोरासमोर होतं, पण संवाद कुठे होता? अकरावी-बारावीला 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार राजरोस चालतो: प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणं दुसरीकडच्या क्लासमध्ये, आणि हजेरी कुठेच नाही. शेवटी २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठा उमटवल्याशिवाय जिथे विद्यार्थी आहे की नाही हे कळत नाही, त्या जागेच्या नावाने ऑनलाइनवाल्यांना 'तुमच्याकडे मानवी स्पर्श नाही' असं सुनावणं जरा धाडसाचं आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दूर बसून शिकण्याची सोय ज्यांना लागते त्यांना ती फार लागते. आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी झालेली माणसं घराघरात आहेत. त्यांना कोणी वर्गाचं महत्त्व सांगत नाही, कारण वर्ग त्यांना मिळणार नव्हताच. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये कॉलेजात हजर राहण्याची अट काढून टाकली आणि परीक्षा देईल त्याला पदवी देऊ केली. तेव्हाही हे शिक्षणच नव्हे अशी ओरड झाली. पण त्याच विद्यापीठाने १८७८ मध्ये बायकांना पदव्या खुल्या केल्या, आणि ज्यांना कॉलेजच्या फाटकातून आत घेतलं जात नव्हतं त्यांनी बाहेरून परीक्षा दिल्या. फाटक कोणासाठी बंद असतं हे फाटकाच्या आतल्या माणसाला चटकन दिसत नाही. माझाच एक माजी विद्यार्थी औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो आणि सकाळी खोलीवर येऊन संभाव्यतेची माझी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं दीडपट वेगाने ऐकतो. "सर, तुम्ही वर्गात फार सावकाश बोलायचा," असं त्याने मला तोंडावर सांगितलं. माझ्या वर्गात तो मागच्या बाकावर झोपायचा. आता त्याला मी कळतो.

तिसरं म्हणजे आकडे. ऑनलाइनच्या विरोधकांचा आवडता आकडा असतो कोर्स पूर्ण करणाऱ्यांचा. एमआयटी आणि हार्वर्डच्या, एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण केलेले ३ टक्क्यांच्या आसपास. झालं, खटला निकाली! मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे कोणी टक्केवारी फेकली की माझी नजर आधी छेदाकडे जाते. त्याच पाहणीत नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक एकदाही कोर्सच्या आत गेले नव्हते. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांमध्ये पूर्ण करणारे निम्म्याच्या जवळपास होते. वाचनालयात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सर्वांना खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं घातली आणि सुमारे २३ हजार जणांनी तो पूर्ण केला. गळती मोठी, हे खरं. पण २३ हजार विद्यार्थी मला शिकवायचे तर मला आठ-दहा जन्म घ्यावे लागतील.

इतकं सगळं मान्य केल्यावर उरतं काय? उरतो तो एक साधा फरक, जो दोन्ही गट विसरतात. ते १ लाख ६० हजार लोक आपणहून आले होते. नाही जमलं तर सोडून जायला मोकळे होते आणि सोडल्याने त्यांचं काही बिघडत नव्हतं. आमच्या गुरुवारच्या चौकटीतली मुलं आपणहून आलेली नाहीत. त्यांनी कॉलेजची फी भरली आहे, तो विषय त्यांच्या गुणपत्रिकेत येणार आहे, आणि नापास झाली तर एटीकेटी लागणार आहे. ज्याला शिकायचंच आहे त्याच्यापुढे उत्तम साहित्य ठेवणं ही एक गोष्ट. ज्याला शिकवण्याची जबाबदारी आपण घेतली आहे, त्याच्यापुढे तेच साहित्य ठेवून निघून जाणं ही दुसरी.

हा फरक ज्यांनी ओळखला ते टिकले, याला इतिहासात पुरावा आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची कल्पना पुढे आली तेव्हा ती 'हवेतलं विद्यापीठ' म्हणूनच ओळखली जायची, कारण व्याख्यानं बीबीसीवरून जाणार होती. हुजूर पक्षाचे नेते इयन मॅक्लाउड यांनी तर तिची मूर्खपणा म्हणून संभावना केली. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली आणि पुढे जगभर नावाजली गेली. लोकांच्या लक्षात राहिला तो टीव्ही: पहाटेच्या कार्यक्रमात फळ्यापुढे उभे असलेले दाढीवाले प्राध्यापक. खरं काम करत होते ते ट्यूटर. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर नेमून दिलेला असे, तो स्वाध्याय तपासून सविस्तर शेरे लिहून परत पाठवी. गावोगावी अभ्यासकेंद्रं होती, उन्हाळ्यात आठवडाभराची निवासी शिबिरं होती. टीव्ही बंद पडला असता तरी ते विद्यापीठ चाललं असतं. ट्यूटर काढून घेतले असते तर नुसती वाहिनी उरली असती.

नुसत्या वाहिनीचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी यूजीसीने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. ज्यांच्या लहानपणी घरात एकच वाहिनी दिसायची त्यांना तो आठवत असेल. कार्यक्रम खरोखर चांगले होते, मेहनतीने केलेले होते. दुपारी तो लागला की आमच्या घरी टीव्ही बंद व्हायचा. इंग्रजी हे एक कारण, पण मुख्य कारण असं, की तो कार्यक्रम कोणासाठी आहे आणि पाहून पुढे काय करायचं हे कोणीच आम्हाला सांगितलं नव्हतं. पाहणाऱ्याचं नाव कोणाच्याच वहीत नव्हतं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला बसण्याची सोय त्याने केली, पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून कळतील अशा बेताने लिहिलेली. या विद्यापीठाची टिंगल करणारे खूप भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की त्याच्या योजनेत अभ्यासकेंद्र आणि तिथली संपर्कसत्रं सुरुवातीपासून होती. रविवारी सकाळी एसटीने तालुक्याला येणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि होमगार्ड त्या सत्रांत बसलेले मी पाहिले आहेत. जिथे केंद्रावरच्या माणसाने ते सत्र मनापासून घेतलं तिथे पदवीला अर्थ आला. जिथे सत्र फक्त सह्यांपुरतं उरलं तिथे टिंगल करणाऱ्यांचं खरं ठरलं. पुस्तक दोन्हीकडे तेच होतं.

हे जुनं झालं, तंत्रज्ञान आता बदललंय, असं म्हणणाऱ्यांसाठी २०१३ ची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने थ्रन यांच्याच युडॅसिटी कंपनीबरोबर तीन विषय ऑनलाइन चालवले: पायाभूत गणित, बीजगणित आणि, माझं दुर्दैव, प्राथमिक संख्याशास्त्र. पहिल्याच सत्रात तिन्ही विषयांचे निकाल वर्गातल्या निकालांच्या खाली गेले. पायाभूत गणितात विद्यापीठाचे स्वतःचे विद्यार्थी तीसातले दहासुद्धा पास झाले नाहीत. जुलैमध्ये प्रयोग थांबवला. मधल्या उन्हाळी सत्रात निकाल एकदम सुधारले, तेव्हा तंत्र सुधारल्याची चर्चा झाली. पण त्या सत्रातल्या निम्म्याहून अधिक लोकांकडे आधीच पदवी होती! विद्यार्थी बदलले की निकाल बदलतात, हे पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात शिकवतात. ज्यांना शिकण्याची सवय आहे त्यांना पडदा पुरतो. कच्च्या मुलांना तो पुरत नाही, आणि आपल्याकडे ऑनलाइन कोर्स नेमके कच्च्या मुलांच्या कॉलेजांत रेटले जातात, कारण रिकाम्या जागा तिथेच आहेत.

त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने त्याच वर्षी हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांना खुलं पत्र लिहिलं. सँडेल यांचा न्यायावरचा गाजलेला कोर्स आम्ही आमच्या वर्गात चालवणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्यांच्या मनातली भीती स्पष्ट होती: श्रीमंत विद्यापीठांतल्या मुलांना प्रत्यक्ष प्राध्यापक आणि गरीब विद्यापीठांतल्या मुलांना त्याच प्राध्यापकाची चित्रफीत. हे पत्र वाचताना मला त्यात थोडा पोटापाण्याचा स्वार्थही दिसला होता आणि दिसला म्हणून काही बिघडत नाही. पगाराची काळजी करणारा माणूस खोटंच बोलतो असं कुठे आहे? खुद्द सँडेल यांनीही आपली व्याख्यानं इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांच्या मुळावर यावीत अशी आपली इच्छा नाही, असं उत्तर दिलं.

आता आपल्या अंगणात येऊ. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचा उपक्रम, 'स्वयम्'वरच्या अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या कोर्सचा कणा. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. दर आठवड्याला व्हिडिओ, दर आठवड्याला स्वाध्याय. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी उत्तम आठ स्वाध्याय धरून २५ गुण, आणि शेवटी ७५ गुणांची परीक्षा. मी दोन वर्षं आमच्याकडे याचा मार्गदर्शक होतो. पहिल्याच सत्रात माझ्या लक्षात आलं, की सगळ्या मुलांचे स्वाध्यायाचे गुण २५ पैकी २३-२४ येताहेत. संख्याशास्त्रात इतकं कमी विचलन दिसलं की आनंद मानू नये, संशय घ्यावा. यूट्यूबवर शोधलं. 'आठवडा ३ ची उत्तरं' मुदतीच्या आधीच हजर होती, टेलिग्रामवर त्याहून आधी. मुलांनी ते लपवलंही नाही. "सर, सगळेच तसं करतात," एवढंच म्हणाली. शेवटची परीक्षा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, केंद्रावर, संगणकापुढे, डोळ्यांत तेल घालून बसलेल्या पर्यवेक्षकासमोर. १ हजार रुपये फी भरून निम्म्यांनी ती दिली आणि तिथे २३-२४ वाल्यांचा खरा चेहरा दिसला. म्हणजे या ऑनलाइन कोर्सचा सगळ्यात विश्वासाचा भाग ऑफलाइन आहे, हे ज्यांनी तो कोर्स बांधला त्यांनाही ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षी मी एक साधी गोष्ट केली. शनिवारी सकाळी तासभर मुलांना खोलीत बसवलं आणि त्या आठवड्याच्या स्वाध्यायातला एकच प्रश्न, आकडे बदलून, फळ्यावर सोडवायला लावला. पहिल्या दोन शनिवारी शरमेची शांतता होती. तिसऱ्या शनिवारी एक मुलगी म्हणाली, "सर, प्रमाण विचलन काढता येतं मला, पण काढून काय समजायचं?" तिचे गुण पूर्ण होते. आम्ही तिच्या गावच्या आणि कोकणातल्या एका गावच्या पावसाचे दहा-दहा वर्षांचे आकडे मांडले, ते सरासरीपासून किती दूर पसरतात ते पाहिलं आणि तासभर त्यावरच बोललो. त्या वर्षी परीक्षेला बसणारे वाढले. किती वाढले हे सांगत नाही, माझा नमुना फार लहान आहे.

इथे कोणी हमखास म्हणेल, की शंकेसाठी आता माणूस कशाला, चॅटजीपीटी आहे. खरंय, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते रात्री दोनलाही देतं, आणि माझ्यापेक्षा कमी चिडून देतं. पण शिकवणाऱ्या कोणालाही विचारा: ज्याला काहीच कळलेलं नाही त्याला शंका येत नाही. शंका यायला निम्मं कळावं लागतं. त्या मुलीला पहिले दोन शनिवार शंका नव्हतीच. शिक्षकाचं अर्धं काम न विचारलेली शंका चेहऱ्यावर वाचण्याचं असतं, आणि त्यासाठी तो चेहरा कोणीतरी पाहत असावा लागतो. २०२० मध्ये मी सहा महिने काळ्या चौकटींना शिकवलं. "आवाज येतोय का?" याला "येतोय सर" असं उत्तर यायचं, त्यापलीकडे काय येतंय ते मला कधीच कळलं नाही. तो अनुभव धरून ऑनलाइन शिक्षणावर फुली मारणं मात्र अन्याय होईल. ते पुरात होडीने नेलेलं सामान होतं, त्यावरून जलवाहतुकीचं धोरण ठरवू नये.

माझा खरा आक्षेप ज्या जागी आहे तिथे आता येतो. यूजीसीच्या ज्या नियमावलीने ही दारं उघडली तिनेच दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, एखादा विषय शिकवायला योग्य शिक्षक उपलब्ध नसेल तर 'स्वयम्'चा कोर्स घेता येईल. दोन, कोर्स घेणाऱ्या मुलांना सत्रभर मार्गदर्शन करायला कॉलेजने एक समन्वयक नेमावा, प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय मोफत द्यावं. पहिलं वाक्य सगळ्यांच्या पाठ आहे. दुसरं वाक्य कुठे गेलं? समन्वयकाचं नाव कागदावर असतं. बहुधा ज्याच्याकडे एनएसएस, रॅगिंगविरोधी समिती आणि नॅकची फाइल आधीच आहे त्याचं. त्या कामाचे तास त्याच्या वर्कलोडमध्ये धरले जात नाहीत. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं आणि पदं मंजूर होतात ती या तासांच्या हिशेबावर. विषय 'स्वयम्'वर गेला की त्याचे तास हिशेबातून जातात. तास गेले की पुढच्या वर्षी पद मागायला आधार राहत नाही. मग शिक्षक नाही म्हणून ऑनलाइन कोर्स, आणि ऑनलाइन कोर्स आहे म्हणून शिक्षक नाही, असा गरगर फिरणारा भोवरा सुरू होतो. तासिका तत्त्वावर काम करणारे, नेट-सेट-पीएचडी झालेले, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य रुपये मिळवणारे आमचे सीएचबीचे सहकारी त्या भोवऱ्यात आधी ओढले जातात.

यावरचं सगळ्यात मजबूत उत्तर मला एका प्राचार्यांकडून मिळालं, आणि ते मी हसण्यावारी नेलं नाही. ते म्हणाले, "जागा भरणं माझ्या हातात नाही. शिक्षक नाहीच. मग मुलांना काहीच न देण्यापेक्षा आयआयटीचा व्हिडिओ वाईट का?" वाईट नाही. दुष्काळात टँकर वाईट नसतोच. टँकरपुढे घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला पाणलोट विकासाचं भाषण देणारा माणूस निर्लज्ज म्हणायचा. पण महाराष्ट्रात आपण हेही पाहिलं आहे, की काही गावांत टँकर दरवर्षी येतो, त्याचा ठेका ठरलेला असतो, आणि विहिरीतला गाळ काढायचं नाव कोणी काढत नाही. टँकर नको असं मी म्हणत नाही. टँकर आला म्हणून गावाला पाणीपुरवठा झाला अशी नोंद करू नका, एवढंच म्हणतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर सुरू झालं तेव्हा ते शिकवत नव्हतं. अभ्यासक्रम ठरवायचं, परीक्षा घ्यायचं, पदवी द्यायचं. शिकवणं एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन अशा कॉलेजांत चालायचं. नुसती परीक्षा घेणारं विद्यापीठ घोकंपट्टीला खतपाणी घालतं, अशी टीका वाढत गेली, १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवण्याची मोकळीक दिली, आणि तरी मुंबईत विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. नुसती परीक्षा घेणाऱ्या संस्थेला शिकवायला लावण्यात आपली साठेक वर्षं गेली. आता उलटा प्रवास कॉलेजांचा सुरू आहे. शिकवणं चेन्नईच्या आयआयटीतून येतं, परीक्षेचं केंद्र तिसरीकडे, आणि कॉलेजकडे उरतं फी घेणं आणि मुलांच्या एबीसी खात्यावर, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी बँकेत, क्रेडिट चढले का हे पाहणं.

हे टाळता येतं आणि त्याला क्रांती लागत नाही. मुळात ऑनलाइन कोर्स ही आयात करायचीच वस्तू आहे हे डोक्यातून काढलं पाहिजे. संख्याशास्त्राचे चांगले मराठी व्हिडिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी आयआयटीच्या इंग्रजी व्याख्यानापुढे बसते तेव्हा तिची अर्धी शक्ती भाषेत जाते, आणि उपशीर्षकं वाचायला लागली तर फळ्यावरचं समीकरण हुकतं. तिच्यासाठी कोर्स करणारी माणसं आपल्याच जिल्ह्यांतल्या कॉलेजांत आहेत. पण त्याला वेळ लागतो. माझ्या रेकॉर्ड केलेल्या वीस मिनिटांमागे तीन-चार तास गेले आहेत, तेही पंखा बंद करून, शेजारच्या कुत्र्याला दटावून. ही मेहनत तासांत धरली जात नाही तोवर ती माझ्यासारखे हौशीच करणार, आणि हौसेवर विद्यापीठ चालत नाही.

गेल्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत मी एक प्रस्ताव दिला. 'स्वयम्'चा प्रत्येक कोर्स वेळापत्रकात लावताना त्यापुढे एका शिक्षकाचं नाव असावं, साठ मुलांमागे त्याला आठवड्याला दोन तास मिळावेत, आणि ते तास वर्कलोडमध्ये धरावेत. सीएचबीच्या माणसाला दिले तर त्याचे पैसे मिळावेत. बैठकीत कोणी विरोध केला नाही. अध्यक्ष म्हणाले, कल्पना चांगली आहे. कार्यालयातल्या बाबूंनी वर्कलोडचा तक्ता पुढे सरकवला आणि सांगितलं, की विषय, वर्ग, तुकडी, तास असे चारच रकाने आहेत, यात तुमचं बसत नाही. मी विचारलं, पाचवा रकाना आखता येईल का? ते म्हणाले, तक्ता वरून येतो.